बॅटरीतला खरवस

चांगल्या लागलेल्या दह्याचा वाडगा कधी तिरका करून पाहिलाय? दही जागचं हलत नाही. आता एक गंमत ऐका. शंभर ग्रॅम दह्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणीच असतं! म्हणजे तुम्ही तिरका केलात तो जवळजवळ पाण्याचाच वाडगा, आणि तरी ओट्यावर थेंब सांडला नाही. खरवसाचं तेच. चिनी गवत घालून केलेल्या जेलीचंही तेच. कुरडयांसाठी आजी गव्हाचा चीक शिजवते, तो गार झाला की त्याचीही तीच तऱ्हा. पाणी आहे, भरपूर आहे, पण कशाने तरी ते धरून ठेवलंय.

कशाने? खरवस वाफवताना चिकातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांचं एक अतिशय बारीक जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्याच्या खणाखणांत अडकून बसतं. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ 'जेल' म्हणतात. केसांना चोपडतात ते जेल आणि कोरफडीचा गर ही याच घराण्यातली मंडळी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. अडकलेलं पाणी हे पाणीच राहतं. जेलीच्या वडीवर खाण्याच्या रंगाचा एक थेंब ठेवा आणि वडी झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी रंग आत उतरलेला दिसेल. वडी बाहेरून घट्ट आहे, सुरीने कापता येते, पण रंगाचे रेणू तिच्यातून खुशाल पोहत जातात. बाहेरून घट्ट, आतून ओलं! मोबाइलच्या बॅटरीवर काम करणारे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं नेमक्या अशाच पदार्थाच्या मागे लागले होते. का, ते कळायचं तर आधी बॅटरीच्या पोटात डोकवायला हवं. (डोकवायचं ते कल्पनेनेच, बरं का! मोबाइलची बॅटरी कधीही फोडायची नाही. कारण पुढे येईलच.)

दोन भाऊ, दोन वाटा

कुठल्याही बॅटरीत दोन टोकं असतात, धन आणि ऋण. आणि त्या दोघांच्या मध्ये असतो एक तिसरा पदार्थ. त्याचं शाळेच्या पुस्तकातलं नाव आहे 'विद्युत अपघटनी'. नाव भारदस्त आहे, काम मात्र साध्या नावाड्याचं.

समजा, दोन भाऊ जत्रेला निघाले. एकाने रस्ता धरला, दुसरा नावेत बसला. पलीकडच्या गावात दोघं पुन्हा भेटणार. बॅटरीत अगदी असंच होतं. ऋण टोकाशी अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा होतो. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातो आणि जाता जाता दिवा लावतो, पंखा फिरवतो. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. तो मात्र आतल्या आत, त्या अपघटनीतून पोहत पलीकडे जातो. धन टोकाशी दोघांची भेट होते. यात एक मेख आहे. आयन पलीकडे पोहोचला नाही तर इलेक्ट्रॉनही जागचा हलत नाही. नाव रुतली की रस्त्यावरचा भाऊही थांबतो! म्हणून अपघटनी जितका मोकळा, तितकी वीज जोरात.

आता पोहायचं म्हणजे द्रवच हवा, असं कोणालाही वाटेल. पहिल्या बॅटऱ्या तशाच होत्या. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ साली केलेला घट म्हणजे काचेची बरणी आणि तिच्यात नवसागराचं पाणी. कल्हईवाल्याकडे असतो तोच नवसागर. घट उत्तम चालायचा, पण घरातून हलवायचा म्हटलं की पंचाईत. बरणी कलंडली की सगळं सांडलं. मग १८८६ साली जर्मनीच्या कार्ल गासनर याने नवसागरात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून त्याचा लगदा केला आणि तो जस्ताच्या डब्यात भरला. झाला 'कोरडा' घट! पुढे प्लास्टरची जागा पीठ आणि स्टार्चच्या खळीने घेतली. टॉर्चमध्ये घालायचे सेल अशा खळीवरच चालत आले. तेव्हा त्यांना कोरडा घट म्हणतात खरं, पण तो कोरडा मुळीच नसतो. खरोखर कोरडा झाला तर तो बंदच पडेल. जुन्या टॉर्चमध्ये विसरलेला सेल वर्षभराने काढला तर स्प्रिंगला पांढरा, चिकट थर लागलेला दिसतो ना? आतला ओलावाच तो बाहेर आलेला असतो.

म्हणजे द्रवाला जाळ्यात पकडायची युक्ती तशी शंभर वर्षांहून जुनी. मग लिथियमच्या बॅटरीत ती लगेच का वापरली नाही? कारण लिथियमची तऱ्हाच वेगळी.

पाण्याशी हाडवैर

लिथियम हा सगळ्यात हलका धातू. एक घन सेंटिमीटर लिथियमचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलच्या बाटलीत तळाशी बसलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. लिथियम रॉकेलवरही तरंगतो! मग त्याला हवेपासून लपवायचं कसं? व्हॅसलीनसारख्या घट्ट पदार्थात माखून ठेवतात. इलेक्ट्रॉन देऊन टाकायची त्याला इतकी घाई असते की त्याच्यापासून केलेला एकच घट साडेतीन व्होल्टच्या वर दाब देतो. टॉर्चचा सेल देतो दीड. थोड्या वजनात जास्त वीज मिळते म्हणूनच तर अख्खा फोन खिशात मावतो.

पण लिथियमची पाण्याशी गाठ पडली की तडतडाट. शिवाय एवढ्या दाबाखाली पाण्याचेच तुकडे पडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. तेव्हा खळ नको, नवसागर नको, पाण्याचा थेंबही नको. मग घ्यायचं काय? शास्त्रज्ञांनी कार्बोनेट जातीचे काही सेंद्रिय द्रव निवडले आणि त्यांत लिथियमचा क्षार विरघळवला. त्यांतला एक, इथिलीन कार्बोनेट, आपल्या खोबरेल तेलासारखाच आहे. छत्तीस अंशाच्या वर पातळ, खाली घट्ट. म्हणजे मे महिन्यात नागपूरला बाटली वाहती आणि महाबळेश्वरला थिजलेली! म्हणून त्यात दुसरे पातळ द्रव मिसळावे लागतात. आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातं. हे पातळ द्रव पेटतात.

म्हणजे बघा, खिशातल्या फोनमध्ये एका बाजूला वीज ठासून भरलेली आणि मध्ये ज्वालाग्राही द्रव. दोन टोकांच्या मध्ये असतो तो फक्त प्लॅस्टिकचा एक सच्छिद्र पडदा, तुमच्या केसाच्या निम्म्याहून पातळ. हा पडदा कुठे फाटला किंवा चेपला, तर दोन्ही टोकं आतल्या आत भिडतात, घट तापतो आणि द्रव पेट घेतो.

ही नुसती भीती नव्हती. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. पण प्रत्येक चार्जिंगच्या वेळी लिथियम परत येऊन सपाट बसायच्या ऐवजी झाडाच्या फांद्यांसारखा वाढायचा. ते टोकदार तंतू पडदा भेदून पलीकडे जायचे. १९८९ साली एका कॅनेडियन कंपनीच्या अशा बॅटऱ्या जपानमधल्या मोबाइल फोनांत होत्या. त्यांतली एक पेटली आणि कंपनीला माल परत बोलवावा लागला. दरम्यान जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडचं धन टोक शोधलं होतं. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ साली ऋण टोकाला लिथियम धातूऐवजी कार्बन ठेवला. लिथियमने त्याच्या थरांत फक्त मुक्कामाला यायचं आणि निघून जायचं! अशी लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ आजोबा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही.

धातू गेला, धोका खूप कमी झाला. पण तो पेटणारा द्रव? तो जागच्या जागीच राहिला.

घमेली अडली!

काही जणांच्या डोक्यात एक वेगळाच विचार घोळत होता. द्रव मुळात हवाच कशाला? इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पीटर राइट यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७३ साली एक विचित्र गोष्ट आढळली. पॉलिइथिलीन ऑक्साइड नावाचं एक पॉलिमर आहे. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू माळेसारखे गुंफून झालेला लांबच लांब रेणू. त्यात क्षार मिसळला तर त्या घट्ट, कोरड्या पदार्थातूनही आयन प्रवास करतात! मिशेल आर्मां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७८ साली सुचवलं, मग याचीच बॅटरी करा की. ना गळती, ना सांडलवंड.

घट्ट पदार्थातून आयन जातो कसा? स्लॅब टाकताना तुम्ही पाहिलं असेल. माणसं ओळीने उभी राहतात आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात पुढे जातं. पॉलिमरच्या साखळीवर ठरावीक अंतराने ऑक्सिजनचे अणू असतात. तेच हे हात. साखळी सतत वळवळत असते आणि त्या वळवळीत एक ऑक्सिजन लिथियमचा आयन पुढच्याच्या हाती देतो. झकास! पण थंडीत हीच माणसं काकडून जागच्या जागी उभी राहिली तर? घमेलं तिथंच. नेहमीच्या तापमानाला या पॉलिमरचा बराचसा भाग स्फटिकासारखा ताठ बसतो आणि आयनांची वाट बंद होते.

किती बंद होते, त्याचा हिशेब करा. द्रवातून जे काम एका सेकंदात होतं, त्याला कोरड्या पॉलिमरातून तीन तासांपासून अख्ख्या दिवसापर्यंत कितीही वेळ लागावा, इतका फरक. चार्जिंगला लावलेला फोन परीक्षा संपेपर्यंत भरायचा नाही!

उपाय एकच, बॅटरी गरम ठेवा. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात 'ओटोलिब' नावाची भाड्याच्या विजेच्या गाड्यांची योजना चालली. त्या निळसर-करड्या गाड्यांत अशाच कोरड्या पॉलिमरच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांना साठ-ऐंशी अंशांवर ठेवावं लागे. गाडी उभी असली तरी बॅटरी तापती ठेवण्यात वीज खर्च! आणि त्या बॅटऱ्यांत ऋण टोकाला पुन्हा लिथियम धातूच होता. त्याच घराण्यातल्या बॅटऱ्या लावलेल्या दोन बसना २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर आग लागली, तेव्हा दीडशेच्या आसपास बस काही काळ बाजूला काढाव्या लागल्या. 'घट्ट म्हणजे सुरक्षित' हा हिशेब दिसतो तितका सोपा नाही.

स्वेटर, पाटी आणि आंबोळी

एकूण परिस्थिती अशी. द्रव चपळ, पण गळका आणि पेटणारा. घन पदार्थ शहाणा, पण आळशी. आता तुम्हीच सांगा, मधला मार्ग कुठला? बरोबर! खरवस.

फ्रान्समधल्या फयाद आणि पर्श या दोघांनी १९७५ सालीच ही वाट दाखवली होती. पॉलिमरचं जाळं करायचं आणि त्यात लिथियमच्या क्षाराचा तो सेंद्रिय द्रव अडकवून ठेवायचा. चिकातली प्रथिनं आणि पाणी यांच्याऐवजी पॉलिमर आणि कार्बोनेट, एवढाच फरक. यातली पॉलिमरं तर तुमच्या घरातलीच आहेत. मूळचे केरळचे के. एम. अब्राहम यांनी आपले सहकारी आलमगीर यांच्याबरोबर १९९० साली अमेरिकेत अशा जेलमधून नेहमीच्या तापमानाला आयन द्रवाच्या तोडीस तोड पळवून दाखवले. त्यांचं जाळं होतं पॉलिॲक्रिलोनायट्राइलचं. घाबरू नका, हीच ती ॲक्रिलिक लोकर, कॅशमिलॉनचा स्वेटर! दुसऱ्या काहींनी दुकानाच्या चकचकीत पाट्या बनवतात ते ॲक्रिलिक घेऊन पाहिलं. त्याचंही जेल छान होतं, पण ते लेचंपेचं राहतं.

सगळ्यात गाजली ती बेलकोअरची युक्ती. बेलकोअर ही अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांची संशोधन संस्था. न्यू जर्सीत तिच्या प्रयोगशाळेत ज्याँ-मारी तारास्काँ, आंतोनी गोझ्द आणि त्यांचे साथीदार काम करत होते. त्यांनी निवडलं फ्लोरीनयुक्त एक पॉलिमर, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनचा चुलतभाऊ. पण अडचण अशी, की लिथियमचा क्षार हवेतल्या दमटपणानेही बिघडतो. जेल बनवताना सगळा कारखाना खडखडीत कोरडा ठेवायचा म्हणजे खर्च आभाळाला.

मग त्यांनी काय केलं? आई आंबोळी करते ना, जाळी पडलेली, आणि मग ती नारळाच्या रसात बुडवते? तसंच केलं. पॉलिमरमध्ये आधी एक साधं तेलकट द्रव्य मिसळून त्याचा पापुद्रा काढला. हे काम उघड्या हवेत चालतं. दोन्ही टोकांचे पापुद्रेही तसेच करून मधल्या पापुद्र्यासकट गरम रुळांतून दाबून एकजीव केले. नंतर ईथरने धुऊन ते तेलकट द्रव्य काढून टाकलं. राहिली बारीक जाळी. अगदी शेवटी, कोरड्या खोलीत, तिला लिथियमच्या द्रवात बुडवलं. आंबोळीने रस प्यायला! १९९४ साली हे जाहीर झालं आणि बॅटरीच्या दुनियेत खळबळ उडाली.

खळबळ का, तर यात सुरक्षिततेइतकाच दुसराही फायदा होता. आधीच्या बॅटरीत तिन्ही थर नुसते एकावर एक ठेवलेले असत. ते एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून त्यांना धातूच्या कडक डब्यात कोंबावं लागे. जेलच्या बॅटरीत थर आपोआप चिकटलेले, त्यामुळे डब्याची गरजच संपली. वेफर्सच्या पाकिटासारखी ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची पातळ पिशवी पुरते. बॅटरी हवी तितकी चपटी करता येऊ लागली. एरिक्सनचा टी-२८ हा १९९९ सालचा फोन त्या वेळी डोळे विस्फारण्याइतका सडपातळ होता. त्याला लिथियम-पॉलिमर बॅटरी मिळायची.

आणि वेगाचं काय? पुन्हा तोच हिशेब. द्रवातून एक सेकंद लागत असेल तर जेलमधून दहाएक सेकंद. कुठे दहा सेकंद आणि कुठे अख्खा दिवस! शिवाय थर इतका पातळ, की तेवढं चालून जातं.

पाकिटावरचं नाव आणि आतला माल

आता थोडं आई-बाबांनाही वाचून दाखवा. फोनच्या किंवा खेळण्यातल्या ड्रोनच्या बॅटरीवर 'लिथियम पॉलिमर' किंवा 'लि-पो' असं लिहिलेलं असतं. वाटतं, आत घट्ट पॉलिमर असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. चपट्या पिशवीतल्या कुठल्याही लिथियम बॅटरीला बाजारात हेच नाव चिकटलंय आणि त्यांतल्या पुष्कळशा बॅटऱ्यांत आत तोच जुना द्रव असतो. ज्यांत खरोखरच जेल आहे, त्यांतही वजनाने निम्म्याहून जास्त भाग द्रवाचाच. खरवसात पाणीच जास्त, तसं. जेल गळत नाही, थर सरकू देत नाही, पण त्यातला द्रव पेटायचा थांबत नाही. नावावर विसंबून बॅटरीशी खेळ करू नये, एवढं मात्र नक्की.

जेल करणाऱ्यांची खरी कसरत इथेच आहे. चीक जास्त घातला तर खरवस दडदडीत होतो, कमी पडला तर जमतच नाही. पॉलिमर वाढवलं की जेल मजबूत होतं, पण आयन रखडतात. द्रव वाढवला की आयन पळतात, पण जेल इतकं मऊ पडतं की त्याचा पडदा म्हणून उपयोग राहत नाही. एकाच दगडात दोन पक्षी काही केल्या मिळत नाहीत.

पिशवीच्या बॅटरीचं आणखी एक लक्षण माहीत असायला हवं. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा रात्र रात्र उशीखाली चार्ज होत राहिली, की आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू सुटतो. कडक डब्यात तो दिसत नाही. पिशवी मात्र पुरीसारखी फुगते. फोनची मागची बाजू उचललेली दिसली, काच वर आली, तर समजा आत असंच काही झालंय. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब बंद. फोन बंद करून फरशीवर, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा आणि मोठ्यांना सांगा. दाबून बसवायला जाऊ नका. हवा काढतो म्हणून टाचणी तर मुळीच नको! टाचणी पडद्याला भोक पाडते आणि दोन्ही टोकं भिडतात. सॅमसंगचा नोट-७ हा फोन २०१६ साली जगभरातून परत बोलवावा लागला, त्याला कारणही हेच. बॅटरी बनवताना राहिलेल्या दोषांमुळे आतली टोकं एकमेकांना भिडत होती.

फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती चेंगरली तर आग लागते. आपल्या देशात २०२२ साली झालेल्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. तेव्हा ती दुरुस्ती केंद्रावर किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जायला हवी. आणि विमानप्रवासात पॉवर बँक सामानाच्या बॅगेत नाही, जवळच ठेवायला सांगतात, ते का? तर पेटलीच तर माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, पोटातल्या अंधाऱ्या कप्प्यात नव्हे.

विरजण घटातच!

शास्त्रज्ञ मात्र स्वस्थ बसलेले नाहीत. तमिळनाडूत कारैकुडी नावाचं गाव आहे. तिथे अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जागेवर केंद्र सरकारची विद्युत-रसायन संशोधन संस्था उभी आहे. या जेलांवर तिथे कित्येक वर्षं काम चाललंय. जगभरच्या प्रयोगशाळांतून जाळ्यात मातीच्या किंवा काचेच्या जातीचे अतिसूक्ष्म कण घालून पाहतात, न पेटणारे द्रव शोधतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली युक्ती आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळची आहे. जेल आधी बनवून मग बॅटरीत भरायचं म्हणजे ते सगळ्या फटींत शिरत नाही. दही लावून झाल्यावर ते बाटलीत ओतायला गेलात तर काय होईल? मोडून पाणी सुटेल. त्यापेक्षा विरजण घातलेलं दूधच बाटलीत ओता, दही आत लागू द्या! तसंच इथे पॉलिमरचे सुटे मणी द्रवात मिसळून तो पातळ असतानाच घटात भरतात. तो कानाकोपऱ्यात शिरतो. मग घट बंद करून बेताने, साधारण साठ-सत्तर अंशांवर, तापवतात. आतल्या आत मण्यांच्या माळा गुंफल्या जातात आणि जेल जागेवरच जमतं. चीनमध्ये नियो कंपनीच्या प्रमुखांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'अर्धघन' बॅटरीवरची मोटार एका चार्जिंगमध्ये एक हजार किलोमीटरच्या पुढे चालवून दाखवली. अर्धघन म्हणजे काय, ते आता तुम्हाला सांगायला नको.

तुमचा स्वतःचा जेल-घट

लिथियम घरी नाही, पण जेलचा घट घरी करता येतो. मोठं कोणीतरी सोबत घ्या, कारण गॅसचं काम आहे. पेलाभर पाण्यात छोटा चमचाभर चिनी गवताची पूड आणि दोन चमचे मीठ घालून चांगलं उकळा. पूड पूर्ण विरघळली की दोन काचेच्या वाट्यांत ओता. गार होण्याआधी प्रत्येक वाटीत एका कडेला पत्र्याला ठोकतात ते जस्ताचा मुलामा दिलेले दोन खिळे आणि दुसऱ्या कडेला तांब्याच्या तारेची गुंडाळी खोचा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. मिश्रण जमू द्या.

आता पहिल्या वाटीतलं तांबं दुसऱ्या वाटीतल्या खिळ्यांना तारेने जोडा. उरलेली दोन टोकं भिंतीवरच्या जुन्या घड्याळात सेलच्या जागी लावा. तांब्याकडचं टोक धन, खिळ्यांकडचं ऋण. सेलच्या खणात स्प्रिंग असते ती ऋण बाजू. दोन वाट्यांचा मिळून दीड व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. घड्याळ हट्टी निघालं तर तिसरी वाटी जोडा. (ही जेली नंतर खायची नाही बरं! तिच्यात जस्त उतरलेलं असतं.)

सेकंदकाटा पळायला लागला, की वाट्यांखाली ताटली धरा आणि एकेक वाटी हळूच आडवी करा, मग उलटी. काटा थांबतो का, ते पाहा.